घामाचा हिशेब पाण्यावर मिटत नाही

उन्हाळा लागला की सरकारी पत्रकांपासून कारखान्याच्या फलकापर्यंत एकच सल्ला वाचायला मिळतो: भरपूर पाणी प्या. सल्ला खरा आहे, पण अर्धा आहे. ज्या माणसाच्या अंगातून पाळीभरात चार-पाच लिटर घाम वाहतो त्याच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठ जाते आणि थोडे थोडे कॅल्शियमही जाते. पाणी कमी पडले की तहान लागते, मीठ कमी पडले की पोटऱ्यांत गोळे येतात. कॅल्शियम कमी पडल्याची मात्र त्या दिवशी काहीच जाणीव होत नाही. होते ती वीस-तीस वर्षांनी, मणके झिजल्यावर किंवा साध्या पडण्याने मनगट मोडल्यावर. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सातपाटी-मुरबे-नवापूरच्या होड्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि महामार्ग-रेल्वेच्या बांधकामांवर राबणाऱ्यांच्या बाबतीत म्हणूनच प्रश्न थोडा वेगळ्या पद्धतीने मांडायला हवा. पाण्याच्या पिंपाइतकेच त्यांच्या ताटात काय पडते यालाही कामगार-सुरक्षेचा विषय मानले पाहिजे आणि त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय पालघर जिल्ह्यातच पिकतो व वाळतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी शरीराची रीत समजून घेऊ. आपल्या अंगातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत फिरतो, पण हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे ही सगळी कामे त्याच्यावर चालतात. म्हणून रक्तातले कॅल्शियम १०० मिलिलिटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यातच ठेवण्याची शरीराची सारी धडपड असते. ते जरा उतरले की गळ्यातल्या परावटू ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणले जाते. हाडे म्हणजे घरातली कणगी. चूल पेटती ठेवण्यासाठी शरीर तिच्यात हात घालायला मागेपुढे पाहत नाही. कणगी पुन्हा भरली गेली तर बिघडत नाही. भरलीच गेली नाही, तर बाहेरून काहीही न दिसता ती रिकामी होत जाते. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत कॅल्शियम ‘नॉर्मल’ आले म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात, पण त्या आकड्यावरून रक्तातली पातळी टिकून असल्याचे कळते, ती कोणाच्या जिवावर टिकली आहे ते कळत नाही.

घाम गाळणारे श्रम या व्यवहारावर ताण आणतात, हे सर्वप्रथम ठळकपणे पुढे आले ते अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठाच्या बास्केटबॉलपटूंच्या अभ्यासातून. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. धडधाकट, तरुण, हाडांवर भरपूर भार घेणाऱ्या या खेळाडूंच्या हाडांतले खनिज हंगाम सुरू झाल्यापासून मध्यापर्यंत ३.८ टक्क्यांनी घटलेले आढळले. सरावाच्या एका सत्रात त्वचेवाटे सरासरी ४२२ मिलिग्रॅम कॅल्शियम जात असल्याचे संशोधकांनी मोजले आणि आहारात पुरवणी दिल्यावर घट थांबल्याचे नोंदवले. खेळाडू फार थोडे होते, अकराच. घामातल्या कॅल्शियमचा आकडाही नंतरच्या मोजमापांच्या तुलनेत बराच मोठा वाटतो, तेव्हा त्या एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करणे बरोबर नाही. पण कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे व्यायाम चालू असताना शिरेतून कॅल्शियम देऊन रक्तातली पातळी घसरूच दिली नाही, तेव्हा परावटू संप्रेरकाची उसळी आणि हाडांची झीज दाखवणारे रक्तातले निर्देशक दोन्ही कमी राहिले. २०१५ मध्ये स्पर्धेतल्या महिला सायकलपटूंना व्यायामाच्या दोन तास आधी सुमारे १३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेली दुधा-दह्याची न्याहारी देऊन पाहिली, तिथेही हाच कल दिसला. म्हणजे श्रमाआधी पोटात कॅल्शियम असेल तर शरीराला कणगीत हात घालण्याची गरज कमी पडते.

याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वर्षभर सराव करणाऱ्या पुरुष सायकलपटूंना जादा कॅल्शियम देऊनही त्यांच्या हाडांची घनता कमी होणे थांबले नाही, असे एका अभ्यासात आढळले. व्यायाम सुरू होताच, पुरेसा घाम यायच्या आतच, रक्तातले कॅल्शियम उतरू लागते, म्हणून सगळा दोष घामाला देता येत नाही असे मानणारेही आहेत. तेव्हा ‘घामाने हाडे विरघळतात’ अशा मथळ्यांना काही आधार नाही. माझा मुद्दा त्याहून साधा आहे आणि तो वादाच्या बाहेर आहे. ज्याचा आहार मुळातच निम्म्यावर आहे त्याच्या खात्यातून रोज थोडे जास्त जात असेल, तर तूट वाढते.

ही तूट आकड्यांत मांडून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. त्याआधी २०१० मध्ये ती ६०० होती. ग्रामीण भारतातल्या आहार-पाहण्यांत मिळणारे प्रमाण नव्या शिफारशीच्या निम्म्याच्या आसपास घुटमळते. आता तारापूरच्या वसाहतीत किंवा बोईसरच्या खानावळीत मिळणारे ठरावीक जेवण घ्या: भात, पातळ डाळ, बटाट्याची भाजी, दोन पोळ्या, लोणचे. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला दहा मिलिग्रॅमही कॅल्शियम नसते. बटाट्यात तेवढेच. तूरडाळीत ७० च्या आसपास, पण ती एका ताटात पडते मूठभर. सगळे मिळून असे ताट कॅल्शियमची शंभरीही गाठत नाही. दोन वेळा तेच जेवण आणि चार कप चहातले दूध धरले, तरी चारशे गाठणे अवघड. दुसऱ्या बाजूला घामाच्या एका लिटरमध्ये साधारण १० ते ६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. माणसागणिक, ऋतूगणिक आणि उष्णतेच्या सवयीगणिक ते बदलते. पाळीत पाच लिटर घाम गेला आणि लिटरमागे २५ मिलिग्रॅम धरले, तर सव्वाशे मिलिग्रॅम गेले. आकडा किरकोळ वाटतो. पण खाल्लेल्या कॅल्शियमपैकी शरीर शोषून घेते ते फार तर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश. घामातून गेलेले सव्वाशे भरून काढायला खावे लागतात चारशे ते पाचशे मिलिग्रॅम. ज्याला दिवसाकाठी चारशेच मिळतात, त्याचे सगळे अन्न एका पाळीच्या घामात संपते. मूत्रावाटे जाणारे, बाळंतिणीच्या दुधावाटे जाणारे, वाढत्या वयाच्या मुलांना लागणारे कॅल्शियम अजून या हिशेबात धरलेलेच नाही.

इथल्या हवेचाही यात वाटा आहे. विदर्भात पारा चढतो, पण हवा कोरडी असल्याने घाम सुकतो आणि अंग गार होते. पालघरच्या किनाऱ्यावर पारा तितका चढत नाही, पण दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो. अंग गार होत नाही म्हणून शरीर आणखी घाम सोडते. त्यात भर म्हणून कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातले स्टेंटर, पोलाद लाटणाऱ्या गिरणीतली भट्टी, औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यातले ड्रायर आणि रिअ‍ॅक्टर यांच्याजवळ उभे राहायचे, अंगावर रबरी एप्रन, पायात गमबूट, तोंडावर मास्क. ही संरक्षक साधने काढून टाका असे कोणी म्हणणार नाही, पण ती घातलेल्या माणसाचा घाम वेगळा मोजायला हवा. तापमानाच्या आकड्यावर बेतलेल्या इशाऱ्यांतून हा माणूस सुटून जातो, कारण त्याचा उन्हाळा शेडच्या आत असतो आणि तो ऑक्टोबरातच काय, पावसाळ्यातही संपत नाही.

पाण्याविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. उष्ण ठिकाणी काम करणाऱ्याने तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे पाव लिटर पाणी प्यावे, आणि तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये, असे अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचे मार्गदर्शन आहे. ही वरची मर्यादा आपल्याकडे कोणी सांगतच नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या रेषेखाली उतरलेले आढळले होते, आणि धावताना वजन वाढण्याइतके पाणी पिणे हे त्याचे ठळक कारण होते. घाम गाळणाऱ्याला नुसते पाणी पाजत राहिले तर मिठाची तूट आणखी पातळ होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या क्षारसंजीवनीच्या एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. जुलाबाने आटलेल्या शरीरासाठी ती रामबाण आहे, पण त्यात कॅल्शियम नाही आणि ती रोजच्या पाळीचे पेय म्हणून बनवलेलीही नाही. दुसरी गोष्ट बायकांची. पाणी प्यायले की लघवीला जावे लागते आणि जायला जागा नसते, म्हणून वीटभट्टीवर, बांधकामावर, मासळी बाजारात दिवसभर घोटभर पाण्यावर काढणाऱ्या बायका या जिल्ह्यात कमी नाहीत. जिथे स्वच्छतागृह नाही तिथे ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला त्यांच्यापुरता निरुपयोगी आहे. स्त्रियांच्या हाडांचा साठा मुळात कमी असतो आणि मासिक पाळी थांबल्यावर तो झपाट्याने उतरतो. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि हाडांची झीज अशी दुहेरी किंमत मोजणाऱ्या या बायकांसाठी स्वच्छतागृह हाही आहाराइतकाच आरोग्याचा उपाय आहे.

आता जिल्ह्यातल्या अन्नाकडे वळू. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरउतारांवर वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नाचणी आणि वरई घेत आले. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या तीस-चाळीस पट. कोणत्याही दुसऱ्या तृणधान्यात ते इतके नाही. पश्चिमेला समुद्र आहे. सुके बोंबील काट्यासकट आणि सुका जवळा डोक्यासकट, कवचासकट पोटात जातो, आणि म्हणून त्यात १०० ग्रॅमला एक हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम सापडते. जवळ्यात तर कैक पट जास्त. मोठ्या माशाच्या तुकड्याला हे गुण नाहीत, कारण त्याचा काटा आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. हाडासाठी खायचे तर मांदेली, जवळा, बोंबील खावेत, सुरमई-पापलेट नव्हे. गरिबाची मासळी इथे श्रीमंताच्या मासळीला मागे टाकते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर बोंबील मिठाशिवाय, उभारलेल्या दोऱ्यांवर आणि बांबूंवर उन्हात वाळवतात. ही बाब महत्त्वाची आहे, कारण जास्तीचे मीठ मूत्रावाटे कॅल्शियम ओढून नेते: दर २३०० मिलिग्रॅम सोडियममागे सरासरी ४० मिलिग्रॅमच्या आसपास. खारवलेल्या मासळीतून मिळालेल्या कॅल्शियमला हा वाटा द्यावा लागतो, बिनमिठाच्या बोंबलाला द्यावा लागत नाही. शाकाहारी माणसाला तीळ, शेवग्याचा पाला, ताक आहेतच. पालकाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट ते बांधून ठेवते आणि अंगी फार थोडे लागते.

या सगळ्यांत पाळीच्या कामगारासाठी मला सर्वात योग्य वाटते ती नाचणीची आंबील. पीठ रात्री आंबवून सकाळी शिजवायचे, ताक घालून पातळ करायचे, मीठ आणि जिरे घालायचे. तीस ग्रॅम पीठ आणि अर्धा पेला ताक धरले तर एका मोठ्या पेल्यात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, सोबत पाणी, मीठ, पोटॅशियम आणि हळूहळू पचणारा पिष्टमय भाग. पाळीला जाण्याआधी एक पेला आणि मधल्या सुट्टीत दुसरा, म्हणजे तीनशे मिलिग्रॅम झाले. ताटातल्या तुटीचा मोठा हिस्सा तिथेच भरून निघतो. नाचणीत फायटेट असते आणि ते कॅल्शियम शोषू देत नाही, हा आक्षेप आहारतज्ज्ञ घेतील आणि तो रास्त आहे. पण आंबवल्याने आणि मोड आणल्याने फायटेट उतरते, आणि ती खटपट आपल्या आज्या-पणज्यांनी पाककृतीतच गुंफून ठेवलेली आहे. दुधाचा आग्रह मी धरत नाही. ज्या समाजांत दूध काढून पिण्याची रीत फारशी नव्हती तिथे दुधातली साखर अनेकांना पचत नाही. ताक आणि आंबील त्यांनाही चालते.

सर्वात जोराचा आक्षेप येतो तो मुतखड्याचा. घाम गाळणाऱ्या माणसांत मुतखडे जास्त, बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, मग कॅल्शियम वाढवा म्हणणे हा वेडेपणा नाही का? दवाखान्यांतूनही कित्येकदा दूध, दही, मासे बंद करा असेच सांगितले जाते. हा समज तर्काला पटतो, पण पुराव्याने खोडला आहे. १९९३ मध्ये सुमारे पंचेचाळीस हजार अमेरिकी पुरुषांच्या चार वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, आणि आहारातून सर्वात जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांत मुतखड्याची जोखीम सर्वात कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. २००२ मध्ये इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षे प्रयोग झाला. कॅल्शियम तोडलेल्या साठ जणांपैकी तेवीस जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीएवढे कॅल्शियम ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या साठ जणांपैकी फक्त बारा जणांना. कारण असे की जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरते आणि बाहेर नेते. ते नसेल तर मोकळे ऑक्झलेट रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात पोहोचते. मुतखड्याला खरे खतपाणी मिळते ते आटलेल्या, गडद लघवीतून. म्हणजे इथेही पाणी आणि कॅल्शियम हातात हात घालूनच चालतात. एक घेऊन दुसरे टाळता येत नाही. मूत्रपिंडाचा आजार जडलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचा सल्ला शेवटचा. आणि तो आजार जडू नये म्हणूनही हा विषय तातडीचा आहे. निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या उसाच्या फडांत मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा तरुण तोडणी कामगारांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा तपासाअंती उष्णतेत वारंवार शरीर आटणे याच कारणाकडे सर्वात जास्त बोट रोखले गेले.

मग गोळ्या का वाटू नयेत, असा दुसरा प्रश्न. गोळी स्वस्त आहे, मोजून देता येते, स्वयंपाकाची यातायात नाही. गरोदर आणि स्तनदा मातांना सरकारी योजनेतून रोज दोन गोळ्या दिल्या जातात, आणि त्यांच्याबाबत ते योग्यच आहे. पण सरसकट गोळ्यांचा अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेत छत्तीस हजारांहून जास्त उतारवयीन स्त्रियांना सात वर्षे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. खुब्याचे अस्थिभंग ठामपणे कमी झाले असे म्हणता आले नाही, मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम शरीर नीट घेतही नाही. गोळीत पाणी नाही, मीठ नाही, प्रथिने नाहीत आणि जव्हारच्या शेतकऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही. तरीही एका गटासाठी पुरवणीचा पुरावा भक्कम आहे हे मान्य करायला हवे. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या ५२०१ तरुणींवर प्रयोग झाला. प्रशिक्षणाच्या आठ आठवड्यांत रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हाडाला चीर जाण्याचे प्रमाण २० टक्क्यांनी कमी राहिले. पालघर, बोईसर, डहाणू, विक्रमगडच्या मैदानांवर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींना हे थेट लागू होते. सोळाशे मीटर आणि आठशे मीटरची वेळ गाठण्यासाठी ती काही महिन्यांत धावण्याचे अंतर कैक पटीने वाढवतात, आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली की भरतीचे वर्ष हातचे जाते. त्यांना शिकवणाऱ्यांनी घड्याळाइतकेच लक्ष त्यांच्या न्याहारीवर ठेवले पाहिजे.

कष्टाने हाडे बळकटच होतात, पूर्वीची माणसे काय गोळ्या खात होती, असेही म्हटले जाते. यातले पहिले अर्धे खरे आहे. भार पडला की हाड जाड होते. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. पण जाड व्हायला खनिज लागते, ते आकाशातून पडत नाही. आणि पूर्वीची माणसे नाचणीची भाकरी, आंबील आणि सुकट खात होती. डोंगरातली नाचणी मागे पडून रेशनचा पांढरा तांदूळ आला, आणि वसाहतीतल्या खानावळीत तर नाचणी कधीच नव्हती. ऊन भरपूर असल्याने ड जीवनसत्त्वाची चिंता नको, हे म्हणणेही शेडमध्ये, अंगभर कपड्यांत किंवा रात्रपाळीत राबणाऱ्याला लावता येत नाही.

खर्चाचा आक्षेप मालकांकडून येईल. नाचणीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये होता. तीस ग्रॅम पिठाला या दराने दीड रुपया लागतो. दळण, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा धरून तो तिप्पट झाला असे मानले तरी ताकासह एक पेला दहा रुपयांच्या आत बसतो. कमरेच्या दुखण्याने बुडालेला एक दिवस, उष्म्याने भोवळ येऊन यंत्रावर पडलेला एक माणूस यांच्यापुढे हा खर्च आक्षेप घेण्याजोगाही नाही.

समुद्राच्या बाजूची गोष्ट मात्र पैशांनी सुटणारी नाही. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या खाडीत आणि समुद्रात गेल्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर व सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर मोठी भरपाई बसवली. त्या खटल्याकडे पर्यावरणाचा आणि उपजीविकेचा खटला म्हणून पाहिले गेले. तो अन्नाचाही खटला होता. जिल्ह्यातले सर्वात स्वस्त आणि सर्वात दाट कॅल्शियम ज्या पाण्यात वाढते तेच पाणी नासले, तर कामगाराला बोंबील खा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? गावातली मासळी तपासून घेण्याची, तिच्यातल्या जड धातूंची नियमित चाचणी करून निकाल मराठीत जाहीर करण्याची जबाबदारी यंत्रणेने घेतल्याशिवाय माझ्या सूचनेचा हा अर्धा भाग अपुराच राहील.

उरतो प्रश्न हे करायचे कोणी. १९४८ च्या कारखाने कायद्याने पिण्याच्या पाण्याबाबत बारीक तरतूद केली होती: कामगारांना कळेल त्या भाषेत फलक, मुतारीपासून किमान सहा मीटर अंतर, अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी. त्याच कायद्याच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह बंधनकारक केले, तिथे कोणते पदार्थ द्यायचे हे नियमांनी ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला आणि व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी बसवले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने उपाहारगृहासाठीची मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली. म्हणजे पदार्थ ठरवायला कायद्यात जागा आधीपासून आहे. ती भात-डाळ-बटाट्याने भरून टाकली गेली एवढेच. उष्ण विभागांत काम करणाऱ्यांना पाळीआधी आणि पाळीमध्ये आंबील किंवा ताक, आठवड्यातून तीन दिवस नाचणीची भाकरी आणि मागणी असेल तिथे सुकट, असे राज्याच्या नियमांत लिहायला नवा कायदा करावा लागत नाही. शंभरापेक्षा कमी कामगारांचे शेकडो छोटे कारखाने तारापुरात आहेत. त्यांच्यासाठी तारापूर इंडस्ट्रियल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने एक सामायिक स्वयंपाकघर उभारणे शक्य आहे. त्याचा नमुना शेजारीच आहे: बोईसरजवळ कांबळगावला मध्यवर्ती स्वयंपाकगृह उभारून डहाणू प्रकल्पातल्या आश्रमशाळांना शिजवलेले जेवण पाठवण्याची व्यवस्था करण्यात आली. आश्रमशाळेतल्या मुलांची हाडे तर घडण्याच्याच वयात आहेत. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला प्रौढाइतकेच, हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. तिथल्या ताटात नाचणी नियमाने यावी ही मागणी आदिवासी विकास विभागाकडे वेगळी करायला हवी.

जव्हार-मोखाड्याच्या बचत गटांकडून दळलेली नाचणी थेट घेण्याचा करार वसाहतीने केला, तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जाणाऱ्या काही कुटुंबांना गावातच बाजार मिळेल. सुरुवातीला सगळे कारखाने लागत नाहीत. भट्टी, बॉयलर आणि ड्रायर असलेले दहा-बारा पुरेत, आणि त्यांच्या कामगारांचे पाळीआधीचे व पाळीनंतरचे वजन, लघवीचा रंग, गोळे येण्याच्या तक्रारी आणि आजारपणाच्या रजा एक वर्ष नोंदवल्या की आंबिलीने काय फरक पडला ते इथल्याच आकड्यांतून दिसेल. उपाहारगृह समित्यांच्या येत्या बैठकीत कामगार प्रतिनिधींनी हा विषय लेखी मांडावा, आणि तो फेब्रुवारीच्या आत मांडावा, कारण मार्चमध्ये शेडमधली हवा तापायला लागते आणि पीठ आंबवणारी माणसे त्याआधी नेमावी लागतील.